आजीला आधी घाला

हे मी आजवर कुणापाशी बोलले न्हाई. मालकांपाशी न्हाई, पोटच्या लेकापाशी न्हाई. देवीपुढं हात जोडले तरी तेवढं सोडून बाकीचं बोलले. आता तुमच्यापाशी बोलून राह्यले, कारण तुम्हाला माझं तोंड दिसत न्हाई, मला तुमचं दिसत न्हाई. तेवढ्यावरच धीर धरलाय. धीर म्हणावा का त्याला? एवढं लिहीपर्यंत दाराकडं दोनदा बघून झालं.

आधी घरातली माणसं सांगते, म्हणजे तुमचा गोंधळ व्हायला नको. अंकुशनगरच्या साखर कारखान्याचा भोंगा ऐकू येतो, एवढ्या अंतरावर आमचं गाव. आम्ही मूळची मेंढरं वळणारी माणसं. आता थोडं रान आहे, आणि दारात मेंढरं राखलीत, जुनी सवय म्हणून. माझा लेक भगवान जालन्याच्या एमआयडीसीत लोखंडाच्या कारखान्यात कामाला. तिकडंच खोली केलीय, सुट्टीला गाडीवर येतो. सून उषा, माहेर भोकरदनकडं, पिंपळगाव रेणुकाईचं. बारावी झालेली, अक्षर मोत्यासारखं. आणि त्यांची एकुलती एक लेक कोमल, माझी नात. हे सगळं तिच्यावरनं आहे. न्हाई — चुकले. माझ्यावरनं आहे.

कोमल बोलायला लवकर शिकली, चालायला लवकर शिकली. गाणं एकदा ऐकलं की तिचं झालं. शाळेत गेली आणि आकडे आले, तिथं अडली. बोटं उघडायची, मिटायची, परत उघडायची. बाईंनी पाटीवर बेरीज दिली की पाटीकडं असं बघायची जसं काही कुणी परक्या मुलखातलं माणूस दारात येऊन उभं आहे. घड्याळ कळेना. 'आधी मीठ आण, मंग दार लाव, मंग शेळीला पाला टाक' म्हटलं की पाला टाकून यायची, बाकीचं पुसून जायचं. भगवान सुट्टीला आला की पाढे घेऊन बसायचा, आणि मंग घरात नुसता आरडाओरडा. 'ध्यान कुठं असतं तुझं?' पोरगी बोटं पाठीमागं लपवायची.

आणि मी? मी चुलीपुढं पाठमोरी बसायची. मला म्हाईत होतं की तिचं ध्यान तिथंच आहे.

कसं म्हाईत होतं — तेच सांगायचंय, पण हात पुढं जाऊन न्हाई राह्यला. थांबा जरा.

माझं लग्न ठरलं तेव्हा माझ्या बापानं सांगितलं, पोरगी सातवी शिकलेली आहे. ते सगळ्यांनी धरलं, मीही धरलं. आजही गावात कुणी विचारलं की मी सातवी सांगते. खरी गोष्ट अशी की मी पहिलीच्या वर्गातनं उठले. आकडा माझ्यापुढं थांबतच न्हाई. पाच म्हणजे किती ते पाच बोटं उघडल्याशिवाय मला कळत न्हाई, आणि सातासाठी दुसरा हात उघडला की पहिल्या हातावरची बोटं पुसून जातात. गुरुजींनी छडीनं मोजायला लावलं. छड्या मोजता आल्या न्हाईत म्हणून आणखी छड्या. पोरं मला 'ए शून्ये' म्हणायची. पाणवठ्यावर शून्ये, जत्रेत शून्ये. शेवटी गुरुजी बापाला म्हणाले, 'हिच्या डोक्यात भुसा भरलाय, मेंढरांमागं घाल.' बापानं घातलं.

तिथं मात्र मला कुणी शून्ये म्हणालं न्हाई. संध्याकाळी कळप वाडग्यात, काट्यांच्या कुंपणात, घेताना बाप मोजायचा आणि मी दाराशी उभी राहायची. एखादं मागं राहिलं तर बापाच्या आधी मला कळायचं. मोजून न्हाई. तोंडं बघून. एकेक तोंड समोरनं गेलं की जे आलं न्हाई त्याची जागा मला उघडी दिसायची. हे मी कुणाला सांगितलं न्हाई. सांगितलं असतं तर लोक म्हणाले असते, मोजता येत न्हाई म्हणून सोंग करते.

वाचायला मी मोठेपणी शिकले, भगवानच्या पहिलीच्या पुस्तकावर, बियाण्याच्या पिशव्यांवर, भिंतीवरच्या जाहिरातींवर. तो अभ्यास करायचा आणि मी भाकरी थापता थापता कान देऊन असायची. अक्षरं मला वश झाली. आकडे न्हाई झाले ते न्हाईच. पण मला लपवायचं कसब आलं. वेळ भोंग्यावरनं. फोनमध्ये सगळ्यांचे फोटो टाकून घेतले, म्हणजे नंबराचं काम न्हाई. कुणी हिशेब विचारला की म्हणायचं, 'अगं बाई, चष्मा घरी राहिला.' आयुष्य निघालं असं. पण बघा, एकही दिवस असा गेला न्हाई की भीती वाटली न्हाई. कुणीतरी माहेरकडचं येईल आणि ओसरीवर सगळ्यांपुढं हाक मारील — ए शून्ये!

अशात एके दिवशी कोमल माझ्यासंगं मेंढरं आत घेत होती. दुसरीत असेल. मी दार लोटलं आणि ती म्हणाली, 'आजी, भुरीचं कोकरू मागं राहिलं.'

मी म्हटलं, 'मोजलंस का?'

'न्हाई गं. त्याचं तोंडच न्हाई ना त्यात.'

तुम्हाला वाटेल, आनंदानं जवळ घेतलं असेल. माझ्यासारखं कुणीतरी ह्या जगात निघालं, मंग कवटाळायला नको होतं का मी तिला? मी तिच्या थोबाडीत दिली. 'मोजून सांगायचं!' म्हणून ओरडले. ती रडली पण न्हाई, नुसती बघत राहिली. कोकरू खरंच विहिरीपाशी राहिलं होतं. ते मी उचलून आणलं. त्या दिवशी मला पक्कं कळलं की ही माझ्यावर गेलीय. आणि तिला बघून आता लोक मला ओळखतील.

आता ग्रहणाचं सांगते.

कोमल पोटात होती तेव्हा एक ग्रहण लागलं होतं. पोटुशी बाई ग्रहणात काही चिरत न्हाई, शिवत न्हाई, अंधारात बसून राहते, हे आमच्याकडं सगळ्यांना म्हाईत. त्या दिवशी आभाळ भरलेलं. मी विळी आणि दोडके उषापुढं सरकवले. ती म्हणाली, 'आत्याबाई, ग्रहण हाय म्हणून राह्यलेत आज.' मी म्हटलं, 'ढगात काय दिसतंय का ते? चिर जल्दी, भगवान भुकेला हाय.' नवी सून ती. चिरले तिनं.

मी ते विसरूनही गेले होते. मंग कोमलचं शाळेतलं गावभर झालं, आणि शेजारची जिजाबाई ओट्यावर येऊन बसली. मोठी चौकशीखोर बाई.

'काय गं, नात अशी का निघाली? भगवान तर चांगला हुशार. तू सातवी शिकलेली. मंग हे आलं कुठून?'

हे आलं कुठून! वाटलं, हिला कळलंय, ही मला खेळवून राह्यली. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, 'काय सांगू जिजा, सुनेनं ग्रहण पाळलं न्हाई. विळी घेऊन बसली होती. शिकलेल्या सुना, ऐकतात का कुणाचं?'

उषा आत पीठ मळत होती. तिला ऐकू गेलं. ती बाहेर आली न्हाई. विळी कुणी सरकवली हे तिला म्हाईत होतं ना? म्हाईत होतं. पण चिरलं तिनं होतं, आणि तिनं तेवढंच धरलं. पुढं हेच गावात झालं, पिंपळगावापर्यंत गेलं. तिची आई भेटायला आली की लेकीकडं न बघता नातीच्या तोंडावरनं हात फिरवून रडायची. भगवानला दुसरं लेकरू पाहिजे होतं. उषा म्हणाली, 'माझ्या हातानं आणखी एकाचं वाटोळं व्हायला नको,' आणि ऑपरेशन करून आली. मी तिला डिंकाचे लाडू करून घातले. लाडू बरे झाले होते. तिनं दोन्ही हातांनी घेतले, म्हणाली, 'आत्याबाई, तुम्ही म्हणून मला सांभाळून घेता.'

मी खाली मान घालून डबा झाकत राहिले.

मंग शाळेतल्या मॅडमनी सांगितलं, शहरातल्या एका मोठ्या दवाखान्यात डॉक्टर लोक लेकरांच्या डोक्याचा अभ्यास करून राह्यलेत. काही लेकरं गणितात पुढची, काही मागची, सगळ्या तऱ्हेची पाहिजेत. मशिनीत निजवून डोक्याचा फोटो काढतात, सुई न्हाई, दुखत न्हाई. उषानं लगेच हो म्हटलं. मी म्हटलं, कशाला लेकराच्या डोक्यात बघायचं? ते देवानं झाकून ठेवलंय. भगवान म्हणाला, 'माय, तू पण चल. ती तुझ्यापाशीच गप राहते.' मला न्हाई म्हणता येईना. गाडीत सगळ्या वाटेनं माझ्या मनात एकच — ह्या फोटोत माझं तोंड निघालं तर?

हसू नका. मला खरंच वाटत होतं.

तिथली डॉक्टरीणबाई तरुण होती, बोलायला गोड. तिनं आम्हाला बसवून समजावलं. 'आजी, मेंदूत वेगवेगळ्या जागा असतात. एक बघायचं काम करते, एक ऐकायचं, एक लक्षात ठेवायचं. कुठलंही काम एकटी जागा करत नाही, त्यांच्यात ये-जा लागते. तुमच्या तालुक्यातल्या गावांमध्ये रस्ते असतात तसे. कुठं डांबरी, कुठं पायवाट. हे जाळं प्रत्येक मुलाचं थोडं वेगळं असतं. एकाला आकडे पटकन कळतात, दुसऱ्याला चेहरे, तिसऱ्याला सूर. त्या फरकाशी ह्या जाळ्याचं काही नातं आहे का, ते आम्ही पुष्कळ मुलांमध्ये मिळून बघतोय. एकट्या कोमलच्या फोटोवरून ती हुशार की मागं, किंवा असं का झालं, ते कुणालाच सांगता येणार नाही.'

सगळं मला बराबर कळलं. इतकं कळलं की आतनं हुंदका आला. माझ्या डोक्यात भुसा न्हाई? रस्ते आहेत? आकड्याच्या गावाला जाणारी माझी पायवाट आणि तोंडं ओळखायच्या गावाला डांबरी सडक, असंही असू शकतं? एवढ्या वयात मला हे पहिल्यांदा कुणी सांगितलं. ते माझ्याचसाठी होतं आणि मी ते उचललं न्हाई.

मंग तिनं विचारलं, 'अशा गोष्टी कधी कधी घराण्यातही असतात. घरात कुणाला लहानपणी आकड्यांचा त्रास होता का? आजी, तुम्हाला?'

'मी सातवी शिकलेली हाय,' मी म्हटलं. 'आमच्यात कुणीच न्हाई असं. तिकडचं मला काय म्हाईत?' आणि उषाकडं बघितलं.

उषानं मान खाली घातली. 'माझ्याकडनंच झालंय मॅडम. ग्रहणात मी...'

'ग्रहणानं असं काही होत नाही,' डॉक्टरीणबाई म्हणाली. दोनदा म्हणाली. पण उषा तिच्याकडं बघतच नव्हती. माझ्याकडं बघून राह्यली होती. मी नुसतं 'खरंय, न्हाई होत' एवढं म्हटलं असतं तरी तिनं ते धरलं असतं. ज्या तोंडून ते निघालं होतं त्याच तोंडून तिला ते परत पाहिजे होतं. मी वर फिरणाऱ्या पंख्याकडं बघत बसले.

मशिनीची खोली गार होती. अंगावर धातू चालत न्हाई, म्हणून सगळं काढायला लावतात. कोमलच्या कानातले काढले. पोरगी आत डोकावली, ते मशिनीचं गोल तोंड बघितलं, आणि तिचा रंगच उडाला. डॉक्टरीणबाई म्हणाली, 'घरातल्या मोठ्यांचेही फोटो आम्ही घेतो. आजी, तुम्ही आधी येता का? तिची भीती जाईल.' मी दोन्ही हात डोरल्यावर ठेवले. 'मालक जिवंत असताना डोरलं काढायचं? जोडवी काढायची? आमच्यात न्हाई चालत.' चूक तिचीच असल्यासारखी माफी मागितली बिचारीनं. भगवाननंही मान हलवली. एवढं चांगलं कारण दुसरं सापडलं नसतं मला.

आणि उषानं काय केलं? तिनं मंगळसूत्र काढलं. जोडवी निघेनात, तर थुंकी लावून पिळून काढली. बोट सोललं. सगळं माझ्या ओंजळीत ठेवलं आणि लेकरासंगं आत गेली. मशिन चालू झालं की एमआयडीसीतल्या कारखान्यासारखा आवाज यायचा, ठक ठक ठक, आणि काचेतनं मला दिसायचं, उषा कोमलचं पाऊल धरून उभी. आवाज संपेस्तोवर तिनं ते सोडलं न्हाई. माझ्या मुठीत तिचं मंगळसूत्र. ते तिच्या अंगानं गरम होतं, आणि मला ते धरवत नव्हतं.

पुढं त्यांनी कोमलला कसले कसले खेळ दिले. किती ठिपके ते सांगायच्या खेळात ती मागं पडली, तोंडं ओळखायच्या खेळात फार पुढं निघाली. शाळेला चिठ्ठी दिली की हिला आकडे वेगळ्या तऱ्हेनं शिकवा, वेळ द्या, मारू नका. मॅडम तसं करून राह्यल्यात. भगवानही ओरडायचा कमी झाला. उषा मात्र अजून ग्रहण लागलं की खोलीत अंधार करून बसते, पाणीसुद्धा पीत न्हाई. परवाच्या ग्रहणात मी दारातनं डोकावून बघितलं. पोटात लेकरू न्हाई, होणारही न्हाई, आणि ती भिंतीला टेकून हात मांडीवर पालथे ठेवून बसलेली. हातांनी काही होऊ नये म्हणून. मी दार ओढून घेतलं.

हे सगळं माझ्याकडनं आलं का? डॉक्टरीणबाई म्हणाल्या तसं, कुणाला सांगता येत न्हाई. आलं असंल, नसंल. त्याचं पाप मी डोक्यावर घेऊन न्हाई राह्यले. डोक्यातले रस्ते काही मी आखले न्हाईत, माझे न्हाई की तिचे न्हाई. मी जे केलं ते तोंडानं केलं, जागेपणी केलं.

आणि वर मी एक गोष्ट गाळली. तुम्हाला सांगायला बसले आणि तिथंही गाळली, बघा. सवय.

डॉक्टरीणबाईंनी मला 'आधी येता का' असं आपल्या मनानं विचारलं न्हाई.

त्या मशिनीच्या दारात कोमलनं माझी करंगळी धरली होती. उषाची न्हाई, बापाची न्हाई, माझी. आणि सगळ्यांपुढं, मोठ्यानं, ती म्हणाली, 'आजीला आधी घाला. आजी माझ्यासारखीच आहे. तिला पण मोजता येत न्हाई, ती पण तोंडं बघून ओळखते. मी बघितलंय.'

सगळे माझ्याकडं वळले. भगवान, डॉक्टरीणबाई, आणि उषा. उषाच्या तोंडावर काहीतरी उजाडल्यासारखं झालं होतं — ते मी बघितलं.

मी हसले. 'काय बोलून राह्यली येडी! भीतीनं डोकं फिरलं लेकराचं. मी सातवी शिकलेली.'

भगवान हसला. उषाच्या तोंडावरचं ते विझलं.

कोमल हसली न्हाई. तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं, भुरीचं कोकरू हुडकताना बघते तसं. मी खाली वाकले आणि माझ्या करंगळीवरची तिची बोटं सोडवली, एकेक करून. तिनं ओढून धरली न्हाईत.

आता ती मोठ्या वर्गात गेलीय. मेंढरं आत घ्यायला अजून माझ्यासंगं येते. दार लोटलं की माझ्याकडं न बघता बोटं उघडते, मिटते, परत उघडते, आणि चुकतं तरी मोजूनच सांगते.